अशोक खरा कुठला आणि गुटीतलं अतिविष कसलं?

वाचकांचे प्रश्न : काष्ठौषधी आणि भेसळ

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले की मस्जिद बंदरच्या बाजारातून औषधी आणायची असेल तर मी चूर्ण कधीच घेत नाही, अख्खं मूळ, अख्खी साल घेते आणि घरी कुटते. त्या एका वाक्यावर एवढे मेसेज आले की बाकीचा लेख कोणी वाचला की नाही अशी शंका यायला लागली. असो. फार्मसी कॉलेजात तीस वर्षं मुलांना मुळ्या-साली ओळखायला शिकवण्यात गेली, त्यामुळे हा विषय निघाला की मी थांबत नाही हे आधीच सांगून ठेवते. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, एकसारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, मला पाळीत अंगावरून खूप जातं. सासूबाई म्हणतात अशोकाची साल उकळून घे. आमच्या सोसायटीत कंपाउंडला लागून बारा अशोक आहेत, वॉचमन साल काढून देतो म्हणतोय. चालेल ना? (एक वाचक, मुलुंड)

आधी वॉचमनला थांबवा! ते बारा अशोक अशोक नाहीतच. बिल्डरने लावलेलं, खांबासारखं सरळसोट वाढणारं, नागमोडी कडांच्या लांबट पानांचं ते झाड म्हणजे आसुपालव, आपले गुजराती शेजारी सणाला ज्याचं तोरण बांधतात ते. त्याला खोटा अशोक म्हणतात. औषधातला अशोक म्हणजे सीताअशोक, शास्त्रीय नाव सराका असोका. तो छत्रीसारखा पसरतो, कोवळी पानं तांबूस आणि लुळी लोंबतात, आणि साधारण फेब्रुवारी ते एप्रिल त्याला केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात, तेही थेट खोडाला आणि फांद्यांना चिकटून. पाहायचा असेल तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत जा, एकदा फुललेला बघितलात की परत कधी फसणार नाही. दोन्ही झाडांचं कूळसुद्धा वेगळं, सीताअशोक शेंगांच्या कुळातला आणि आसुपालव सीताफळाच्या.

आता बाजारात काय होतं बघा. सीताअशोक जंगलात कमी झालाय, धोक्यातल्या झाडांच्या यादीत आहे, आणि साल काढायची म्हणजे नीट नाही काढली तर झाड मरतं. मागणी मात्र तशीच. मग आसुपालवाची साल त्यात मिसळली जाते, काही वेळा नुसती तीच असते. साल तुकड्यात असेल तर जाणकार माणूस ओळखतो, भरड केली की निम्मं अवघड, आणि आंबवून त्याचं पातळ आसव-अरिष्ट झालं की बाटलीकडे बघून कुणालाच काही कळत नाही, मलाही नाही. म्हणून कंपनीने कच्चा माल आत घेतानाच तपासला का, हा खरा प्रश्न असतो.

सासूबाईंना दोष देत नाही हं मी, नाव एकच असलं की असंच होतं. पण अंगावरून खूप जातंय तर आधी हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी करून घ्या, फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयात गाठ असेल तर सालीचा काढा पीत वर्ष घालवण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मी मूळची वेंगुर्ल्याची. इथे नागकेशर मागितलं तर एकाने लालसर कळ्या दिल्या, दुसऱ्याने काळे देठवाले दाणे, तिसरा म्हणतो दोन्ही डुप्लिकेट. खरं कोण बोलतंय? (विलेपार्ले)

तिघंही थोडं थोडं. ग्रंथातलं नागकेशर म्हणजे मेसुआ फेरिया या झाडाच्या फुलातले वाळवलेले पिवळे पुंकेसर. ते महाग आणि कमी मिळतं. लाल कळ्या म्हणजे, वेंगुर्ल्याच्या आहात म्हणून सांगते, तुमचीच सुरंगी! तिचे न उमललेले कळे वाळवून मुंबईला येतात आणि तांबडा नागकेशर म्हणून विकले जातात, गावी तुम्ही ज्याचे वळेसर माळता त्याच झाडाचे. काळे दाणे म्हणजे दालचिनीच्या जातभाईंची कच्ची फळं, गोडा मसाल्यात आपण तेच घालतो आणि तिथे तेच बरोबर आहे. म्हणजे मसाल्यासाठी काळं घ्या आणि वैद्यांनी औषधाला सांगितलं असेल तर पुंकेसरच मागा. याला मी सरसकट भेसळ म्हणणार नाही, पिढ्यानपिढ्या बाजारात तीच नावं चाललीत. पण दुकानदाराला माहीत असून पुंकेसराच्या भावात कळे देत असेल तर ती फसवणूकच.

प्रश्न : नातीला दीड महिना झालाय. सुनेचं म्हणणं बाळगुटी नको, मी आमच्या तिन्ही मुलांना दिली. बाजारातून तयार सेट आणलाय, त्यातलं अतिविष मला जरा वेगळं दिसतंय, काळपट आहे. तुम्हीच सांगा सुनेला. (एक आजी, गिरगाव)

आजी, रागावू नका, पण मी सुनेच्या बाजूने आहे. आणि तुमच्या नजरेला मात्र सलाम, कारण तुम्ही नेमकं जिथे बघायला पाहिजे तिथेच बघितलंत.

अतिविषाची कळी, म्हणजे तिचा छोटा कंद, हिमालयात उंचावरून येते. ती बचनागाच्या वंशातली आहे, म्हणजे शास्त्रीय नावाचा पहिला शब्द दोघांचा एकच, अकोनिटम, फक्त हिच्यात तो जीवघेणा विषारी भाग नाही. खरी कळी बाहेरून राखाडी, मोडली की आत पांढरीशुभ्र आणि पिठूळ, चवीला कडू. बचनाग बाहेरून काळपट-तपकिरी असतो आणि त्यातलं अकोनिटिन मोठ्या माणसाचंसुद्धा काही मिलिग्रॅममध्ये हृदय बंद पाडू शकतं. अतिविष दुर्मीळ आणि भयंकर महाग झाल्यामुळे त्याच्या जागी काय काय येतं त्याचा नेम नाही, कधी बिनविषारी स्वस्त कंद येतात, कधी वंशातलेच दुसरे कंद. जुन्या वैद्यांनी तर अतिविष नाही मिळालं तर नागरमोथा घ्या असं सांगूनच ठेवलंय, ते प्रामाणिक आहे, बदलून देताना सांगितलं तर ती भेसळ नव्हे. तुमचा काळपट तुकडा काय आहे हे मी पत्रावरून सांगू शकत नाही. तो जिभेवर ठेवून बघू नका, सहाणेवर उगाळून तर अजिबात नको. कागदात बांधून सेटच बाजूला ठेवा.

दुसरं वेखंड. सहाणेवर तुम्ही एक वेढा उगाळाल, मदतीला आलेली बाई तीन वेढे देईल, उगाळलेल्याचं माप कुणाकडे असतं? वेखंडात बीटा-असारोन नावाचा घटक असतो, त्याच्यामुळे अमेरिकेने वेखंड खाण्याच्या पदार्थात वापरायला 1968 सालीच बंदी घातली. सेटमधली मुरुडशेंग एवढी पिळदार की तिची नक्कल कुणाला जमत नाही, तिच्याबद्दल निर्धास्त राहा, पण काकडशिंगीच्या नावाखाली दुसऱ्याच झाडावरच्या गाठी येतात. एवढ्या दहा-बारा वस्तू, प्रत्येकीची खात्री करायची, आणि घेणारं माणूस चार किलोचं. पहिले सहा महिने बाळाला आईचं दूध सोडून काहीच लागत नाही, पाणीसुद्धा नाही. तुमच्या तिन्ही मुलांना काही झालं नाही हे खरं, तेव्हा मालही बहुतेक बरा मिळत होता.

प्रश्न : आमच्या नॅशनल पार्कच्या बाजूला कडुनिंबावर गुळवेल चढलेली आहे. कोविडपासून मी रोज काढा घेतो. आता कोणीतरी म्हणालं लिव्हर जातं. खरंय का की अॅलोपथीवाल्यांचा प्रचार? (बोरिवली)

प्रचार म्हणून झटकून टाकू नका. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या चार महिन्यांत आपल्या मुंबईतच लिव्हरच्या डॉक्टरांना सहा रुग्ण सापडले, कावीळ झालेले आणि गुळवेल घेणारे, आणि त्यांनी ते 2021 मध्ये प्रसिद्ध केलं. त्यावर आयुष मंत्रालयाने म्हटलं की ही गुळवेल नसेल, तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असेल. हा मुद्दा अगदी गैर नव्हता, दोघींची पानं बदामी आकाराची आणि लांबून बघितलं तर बहिणीच. फरक असा की क्रिस्पाच्या वेलावर मस-चामखिळीसारखे ठसठशीत उंचवटे असतात, खोड करडं असतं आणि कापलं की दुधासारखा चीक येतो. गुळवेलीचं खोड हिरवट, असे उंचवटे नाहीत, चीक नाही. फुलांच्या पाकळ्या गुळवेलीला सहा आणि तिला तीन. वाळलेल्या कांड्या घेत असाल तर निदान ते उंचवटे तरी बघा.

पण गोष्ट तिथे संपली नाही. 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांतल्या 43 रुग्णांचा अभ्यास आला आणि त्यात दिसलं की खऱ्या गुळवेलीनेसुद्धा काहींच्या लिव्हरला सूज येते, शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लिव्हरवर उलटते तशी (याला ऑटोइम्यून म्हणतात). म्हणजे सगळा दोष भेसळीवर ढकलून मोकळं होता येत नाही. थायरॉइडचा ऑटोइम्यून प्रकार, ल्युपससारखा ऑटोइम्यून आजार, आधीचा लिव्हरचा आजार यातलं काही असेल तर गुळवेलीच्या वाटेला जाऊ नका. आणि नसलं तरी पाच पाच वर्षं रोज काढा कशासाठी पिताय ते मला कळलं नाही. आता बंद करा, एलएफटी म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी करून घ्या, डोळे पिवळे किंवा अंगाला खाज असेल तर आजच. आणि वेल पार्कच्या हद्दीतली असेल तर तिथून पानसुद्धा तोडणं गुन्हा आहे, 1972 चा वन्यजीव कायदा.

तुमच्या बोरिवलीचं म्हणून एक गंमत सांगते. पांढऱ्या मुसळीचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम, ते तुमच्या बोरिवलीवरूनच पडलं. झेवियर्स कॉलेजचे फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी ते दिलं. तेव्हा तिथे पावसाळ्यात मुसळी उगवत होती, आता टॉवर उगवतात, आणि मुसळी म्हणून जे मिळतं त्यात शतावरीच्या जातीच्या मुळ्या बिनधास्त मिसळलेल्या असतात.

प्रश्न : माझे वडील 71 वर्षांचे, गुडघ्यांनी हैराण होते. एका ओळखीच्या माणसाने गावाकडच्या वैद्याची पुडी आणून दिली, शंभर टक्के जडीबुटी. तिसऱ्या दिवशी बाबा जिने चढायला लागले! आता सहा महिने झाले. पण हल्ली चेहरा सुजलाय, शुगर कधी नव्हती ती 280 आली. पुडी बंद करू का? (परळ)

नाही! एकदम बंद करू नका, आणि हे वाचून झालं की उद्याच फिजिशियनकडे घेऊन जा. पुडी सोबत न्या.

आधी बंद का नको ते सांगते कारण तेच महत्त्वाचं आहे. तीस वर्षांत माझ्यासमोर अशा पुड्या कितीतरी आल्या आणि तिसऱ्या दिवशी जिने चढायला लावणारी एकही जडीबुटी मी बघितली नाही. अशा पुडीत बहुतेक वेळा स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या असतात, डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन, सोबतीला एखादं डायक्लोफिनॅकसारखं पेनकिलर. वर सुंठ, अश्वगंधा असं काहीतरी, म्हणजे वास पण औषधाचाच. गोल झालेला चेहरा, अचानक वाढलेली शुगर, बीपी, जोराची भूक, रात्री झोप नाही, हाताला जरा लागलं की काळंनिळं पडणं, हे सगळं स्टेरॉइडचं चित्र आहे. बाहेरून एवढं स्टेरॉइड मिळत राहिलं की किडनीच्या डोक्यावरच्या अॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं बनवायचं सोडून देतात. मग पुडी एका दिवसात थांबवली तर शरीरात आतलंही नाही आणि बाहेरचंही नाही, बीपी एकदम खाली, उलट्या, चक्कर, माणूस बेशुद्ध पडू शकतो. जीव जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर आधी सकाळची कॉर्टिसोल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड) तपासणी करतील, मग मोजून मापून नेमक्या डोसचं स्टेरॉइड देऊन ते हळूहळू उतरवतील. तोपर्यंत बाबांना ताप-जुलाब काही झालं तर सरळ हॉस्पिटल, आणि तिथे पुडीबद्दल सांगायला लाजू नका. लोक लपवतात हो! आयुर्वेदिकच तर घेत होतो, त्यात काय सांगायचं, असं म्हणतात आणि डॉक्टर बिचारा अंधारात.

आता ती पुडी देणाऱ्याकडे वळू. औषध बनवून विकायचं तर 1940 च्या ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स कायद्याखाली परवाना लागतो, आयुर्वेदिकलाही. लेबलवर काय काय घातलंय त्याची यादी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच, तारीख, सगळं हवं. वर्तमानपत्राच्या कागदातल्या पुडीवर यातलं काय आहे? अॅलोपथीचं औषध लपवून घालणं ही भेसळच, आणि माझ्या मते आसुपालवाची साल विकणाऱ्यापेक्षा हा माणूस कितीतरी वाईट, कारण त्याला पक्कं माहीत असतं तो काय करतोय. वजन उतरवणाऱ्या आणि मर्दानी ताकदीच्या पावडरींचंही हेच. वजनाच्या पावडरीत सिब्युट्रामिन सापडतं, ज्याच्यावर हृदयाला धोका म्हणून आपल्याकडे 2011 मध्ये बंदी आली, आणि ताकदीच्या पावडरीत सिल्डेनाफिल, जे हृदयविकाराच्या नायट्रेट गोळ्यांबरोबर गेलं की बीपी धाडकन खाली येतं. ताकदीची पावडर घेणारे काका बहुतेक त्याच वयाचे असतात, बायकोला सांगत नाहीत ते वेगळंच.

प्रश्न : एवढं घाबरवता कशाला ताई? झाडपाल्याने फार तर गुण येणार नाही, अपाय तर नाही ना होत? (दादर)

ब्रसेल्सची गोष्ट सांगते. 1990 च्या सुमाराला तिथल्या एका क्लिनिकमध्ये बायकांना बारीक होण्यासाठी चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल मिळायच्या. त्यात एक औषधी होती, चिनी नाव हान फांग ची. तिच्या जागी आली ग्वांग फांग ची, नावात एका शब्दाचा फरक, पण ही अॅरिस्टोलोकिया वंशातली. शंभरच्या आसपास बायकांच्या किडन्या गेल्या, कित्येकींना डायलिसिस नाहीतर ट्रान्सप्लांट, आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सर. कुणी मुद्दाम विष घातलं नव्हतं, नावात घोळ झाला आणि माल पावडरीत होता. आपल्याकडची सापसंद, म्हणजे ईश्वरी, त्याच वंशातली आहे बरं का.

भराभर थोडी उत्तरं

ज्येष्ठमधाच्या कांड्या : गुंजेची मुळंही गोडसर असतात आणि मिसळली जातात. ज्येष्ठमध आतून चांगलं पिवळं आणि तंतुमय, गोडीही ठसठशीत.

सोनामुखी : त्यात तरवडाची पानं येतात. नुसत्या डोळ्यांनी भेद करणं सोपं नाही, वैद्यांकडूनच घ्या.

लवंग : तेल काढून घेतलेली लवंग परत बाजारात येते. देठाला नखाने दाबा, तेल सुटलं पाहिजे. तेल नसेल तर नुसता सांगाडा.

मध पाण्याच्या ग्लासात टाकून बघायचा व्हॉट्सअॅपवाला प्रयोग : विसरा. 2020 मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 13 ब्रँड तपासले, सगळ्या चाचण्यांत जेमतेम 3 उतरले. मधात मिसळायचं साखरेचं सिरप साध्या लॅब टेस्टलाही चकवेल असं बनवलेलं असतं, तुमचा ग्लास काय ओळखणार.

केशर : इथे मी स्वतः फसलेय म्हणून जरा जास्त लिहिते. मुलीच्या डोहाळजेवणाला ओळखीच्या दुकानातून सुटं केशर घेतलं, काश्मीरचं म्हणून. घरी दुधात टाकलं तर दूध टाकताक्षणी लाल! तेव्हाच मनात चर्र झालं. खरं केशर घाई करत नाही, दहा-पंधरा मिनिटांत सोनेरी पिवळा रंग सोडतं आणि काडी लालच राहते. माझी काडी पांढरीफटक पडली, भिंगाखाली बघितलं तर करडईच्या फुलाच्या पाकळ्या, रंगवलेल्या. तीस वर्षं मुलांना शिकवलं आणि घरी करडई घेऊन आले. खऱ्या काडीचं एक टोक तुतारीसारखं पसरट असतं, एका फुलात फक्त तीन अशा काड्या येतात आणि किलोभर केशराला दीड लाखाच्या आसपास फुलं लागतात, तेव्हा भाव ऐकूनच काय ते समजायला हवं होतं. मक्याचे केसही रंगवून घालतात. सुटं घेऊच नका.

प्रश्न : भेसळ आहे असं वाटलं तर करायचं काय? (बऱ्याच जणांनी विचारलंय)

औषध असेल तर अन्न व औषध प्रशासन, बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये त्यांचं मोठं ऑफिस आहे. बिल जपून ठेवा, शक्यतो न फोडलेलं एक पाकीट ठेवा, आणि डॉक्टरांच्या केसपेपरची झेरॉक्स. परळवाल्या वाचकाने बाबांच्या उरलेल्या पुड्यांपैकी काही तशाच बाजूला काढून ठेवाव्यात, सगळ्याच पुड्या डॉक्टरांना देऊन टाकू नयेत.

केशर, मध, मसाले हे खाद्यपदार्थात मोडतात, त्याला 2006 चा अन्नसुरक्षा कायदा. त्यात गिऱ्हाईकाला स्वतः फी भरून माल तपासून घ्यायची सोय आहे आणि माल खराब निघाला तर फी परत मिळते. फक्त एक अट अशी की विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं, बाबा रे, हे मी तपासायला पाठवणार आहे. केशराचा तो प्रकार झाल्यावर मी त्याच दुकानात गेले, पाच ग्रॅम मागितलं आणि हे वाक्य म्हटलं. त्याने डबी परत कपाटात ठेवली आणि म्हणाला, मॅडम, तुमच्यासाठी पॅकबंद देतो.